दोन क्रोमोसोम कमी

१४ जून
एका फुलाचा खरा खर्च: उजवा गुडघा सोललेला. चष्म्याची एक काडी. चांगल्यातली पॅन्ट, तीही नेमक्या जागी. हिचा दोन दिवसांचा अबोला. (तो खर्चात धरायचा की जमेत, हे उद्या ठरवू.)
पण फूल असं, की पुस्तकात नाही. पाण्याच्या टाकीमागची टेकडी, कातळाच्या भेगा. पान एकही नाही. दगडातून सरळ दांडा, वर सहा पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर तांबडी रेघ. खाली लहान कांद्याएवढा कंद. तिन्ही पुस्तकं चाळली. जवळचं एक आहे, पण त्याला रेघ नाही आणि ते नदीकाठी राहतं.
निष्कर्ष: नवी जात. शोधक: मी. शास्त्रीय नावात माझं आडनाव लागणार. लॅटिनमध्ये.
साडूच्या नावाचं एक शेवाळ आहे. गटाराच्या तोंडाशी उगवतं. गेली नऊ वर्षं प्रत्येक लग्नात, वाढदिवसाला आणि एकदा मयतीत मी ते शेवाळ ऐकलंय. आता बस्स.

१५ जून
कॉलेजातल्या बाईंना फोटो दाखवला. या बाई क्रोमोसोम मोजतात. दिवसभर. पगार त्याचाच. म्हणाल्या, काका, सुंदर आहे हो, कुठे मिळालं? (काका! मी एकसष्ट. त्याही काही कालच्या नाहीत.) मग म्हणाल्या, हात लावू नका बरं का. जागेवरच राहू द्या. माती कसली, ऊन किती, किडे कोणते येतात, सगळं तिथेच बघावं लागतं. पुढच्या आठवड्यात येते.
पुढच्या आठवड्यात! तोवर साडू काय झोपा काढणार आहे? शिवाय बाईंच्या खोलीबाहेर कोणीतरी खोकलं. साडूसारखंच खोकलं.

१६ जून, सकाळी ६
सगळे काढले. बेचाळीस. भेगांत पहार घालावी लागली. एकही मागे ठेवला नाही. आता चोरी अशक्य. फुलं खुडून टाकली, ताकद कंदात राहावी म्हणून. एकावर मधमाशी बसली होती. हाकलली.

१७ जून
गच्चीवर बेचाळीस कुंड्या, नंबर घालून. तळापासून खत. प्रत्येक कुंडीला ठिबकची वेगळी नळी, वेगळा व्हॉल्व्ह. एकही जोड गळत नाही. दुकान काढलं तेव्हा माझ्याकडे एक पाना आणि अर्धा डबा वॉशर होते. आज या शहरातल्या अर्ध्या नळांमागे मी आहे. दगडात उपाशी वाढलेली पोरं ही. खाऊ दे, पिऊ दे.
इथे लिहूनच ठेवतो: माझ्या हातचं एकही झाड आजवर पाण्यावाचून मेलेलं नाही.
ही म्हणाली, अहो, पण ती दगडात बरी होती ना. म्हटलं, तूही माहेरी बरीच होतीस.
अबोला वाढला.

१९ जून
एक्केचाळीस. तीनदा मोजले. सतरा नंबरची कुंडी रिकामी.
संशयित: १) साळिंदर. टेकडीवर खूप आहेत, कंद उकरून खातात. २) साडू. साळिंदर जिना चढत नाही. साडू काल सहकुटुंब आला होता. येताना पिशवी रिकामी, जाताना फुगलेली. ही म्हणते, ताईला जुने स्वेटर दिले. ही चांगली बाई आहे. जगावर विश्वास ठेवते.
गच्चीला कुलूप.

२३ जून
बाई टेकडी बघायला गेल्या होत्या म्हणे. खड्डे दिसले. फोनवर त्यांनी ते मला एक ते बेचाळीस मोजून दाखवले. मग म्हणाल्या, काका, निदान मुळं तरी आणून द्या.
संतापाला मी भीत नाही. चाळीस वर्षं प्लंबर सांभाळलेत.

२६ जून
मुळांची टोकं सकाळी नऊच्या सुमारास कापायची असतात. तेव्हा पेशी जोरात वाढत असतात, क्रोमोसोम सुटे दिसतात. मी साडेसहापासून हजर. टोक अर्ध्या सेंटिमीटरचं. आधी एका द्रावणात, मग दुसऱ्यात, मग रंगात; शेवटी काचेवर ठेवून वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्याने दाबायचं. अंगठ्याने! एवढं शास्त्र, आणि शेवटी वॉशर बसवायचीच पद्धत. म्हटलं, सरका, मी दाबतो. तीन काचा फुटल्या. बाईंनी मला बाहेर बसवलं.
बाहेरूनही ऐकू येतं. माझे कान तिखट. बाई सहकारिणीला सांगत होत्या, कोल्चिसिनमध्ये फक्त चार तास हं. जास्त ठेवलं तर आकडा दुप्पट होऊन बसतो.
नोंद करून ठेवली. ज्ञान कुठूनही घ्यावं.

३ जुलै
निकाल. अठ्ठावीस.
नदीकाठच्या त्या सामान्य फुलाचे तीस. आमचे अठ्ठावीस. दोन कमी!
म्हटलं, बाई, पुन्हा मोजा. म्हणाल्या, अकरा पेशी मोजल्या काका, अठ्ठावीसच. आणि वर हसत होत्या. बसा ना, तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय, म्हणाल्या. मी बसलो नाही. माल कमी भरला की दुकानदार आधी खुर्ची पुढे करतो. ही युक्ती मी स्वतः वापरलेली आहे.

४ जुलै
साडूचा फोन. साडूभाऊ, दोन कमी पडले म्हणे! शेवटी ‘म्हणे’ लावून वर खोकला. विचारलं, तुमच्या शेवाळाचे किती? तर म्हणाला, शेवाळाचे कोणी मोजत नाही हो, त्याला गरजच पडली नाही.
फोन आपटला. मोबाइल होता. काच गेली.

६ जुलै
उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा. गाउट. गोळी घेताना पाकिटावर सहज नजर गेली. कोल्चिसिन!
तेच! चार वर्षं मी क्रोमोसोम वाढवायचं औषध खातोय आणि डॉक्टर एका शब्दाने बोलला नाही. कमी पडलेले दोन भरून काढायची सोय माझ्याच औषधाच्या डब्यात. याला फसवणूक म्हणत नाहीत. अशक्त पोराला टॉनिक देतात, तसं. दुप्पट नको मला. मी हावरट नाही. दोनच वाढले तरी पुरे.

७ जुलै
पाच धष्टपुष्ट कंद निवडले. घरातल्या सगळ्या गोळ्या कुटून वाटीत, मुळं त्यात. ही म्हणाली, अहो, आणि तुमचा पाय दुखला तर? म्हटलं, शास्त्रासाठी लोकांनी जीव दिलेत.
दुपारी ३: अंगठ्याला चादर लागलेली सोसत नाही.
४: फॅनचा वारा लागलेला सोसत नाही.
५: औषधांचं दुकान बंद. साप्ताहिक सुट्टी. हिने रिकामं पाकीट माझ्या उशाशी आणून ठेवलं.

२० जुलै
यश! पाचांच्या मुळांची टोकं फुगून वाटाण्याएवढी. कुपोषण संपलं. बाकीच्या छत्तीस कुंड्यांत पानं आली होती ती पिवळी पडतायत. पाणी कमी पडत असणार. ठिबक दुप्पट सोडलं.
संकल्प: उद्यापासून साडूबद्दल वाईट विचार करायचा नाही. जिंकणाऱ्याला शोभत नाही.

२८ जुलै
छप्पन्न! टपोरी मुळं बाईंकडे मोजायला नेऊन दिली होती.
काही पेशींत छप्पन्न, काहींत अठ्ठावीस, असं काहीतरी बाई पुटपुटत होत्या, पण मी मोठा आकडा लक्षात ठेवतो. तीसवाल्यांनी आता तोंड लपवावं. साडूला मेसेज केला: ५६. बाकी काही नाही. सभ्यपणा.
दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. वर माझं नाव, खाली ‘पाइप व फिटिंग्ज’, त्याखाली फुलाचं लॅटिन नाव, माझ्या आडनावासकट. छापखानेवाल्याने विचारलं, हे कुठल्या कंपनीचं?

३० जुलै
बाईंनी बोलावलं. टेबलावर माझं टपोरं मूळ. विचारलं, काका, याला काय घातलंत? म्हटलं, माया. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या उजव्या चपलेकडे. अंगठ्यासाठी पुढून कापलेली होती. विचारलं, गाउट आहे का तुम्हाला?
या बाई पोलिसात हव्या होत्या.
मग बोलल्या. आवाज चढवला नाही; चढवला असता तर मी भांडलो असतो. म्हणाल्या, जास्त क्रोमोसोम म्हणजे वरची पायरी, असं नसतं काका. बटाट्याचे अठ्ठेचाळीस, माणसाचे शेहेचाळीस. तुमचेही दोन कमीच आहेत. अठ्ठावीस हाच तर पुरावा होता. रेघ वेगळी, जागा वेगळी आणि आकडाही वेगळा, म्हणजे जात वेगळी. त्या दिवशी हेच सांगायला बसा म्हणत होते.
मी बसलो.
म्हणाल्या, पण नव्या जातीचा एक तरी अस्सल नमुना लागतो. फुलासकट, औषध न पाजलेला. आहे का?
म्हटलं, छत्तीस आहेत गच्चीवर.

३१ जुलै
छत्तीस नाहीत. कुंडीत बोट घातलं की कंदात जातं. वास असा, की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. बाई नाक धरून सगळ्या कुंड्या फिरल्या. नळ्या पाहिल्या. दिवसाला किती पाणी, विचारलं. सांगितलं. डोळे मिटून म्हणाल्या, काका, हे वर्षातले आठ महिने कोरड्या दगडात झोपतं.
एकही जोड गळत नव्हता, हे मी त्यांना दाखवलं.

४ ऑगस्ट
टेकडीवर गेलो. साडू आधीच तिथे, गुडघ्यांवर. बेचाळीस खड्डे आम्ही दोघांनी मिळून तपासले. काही नाही. बी पडलं असेल म्हणावं, तर फुलं मीच खुडलेली. खाली उतरताना साडूने माझा हात धरला, पाय सांभाळा म्हणाला. शेवाळाचा शब्दसुद्धा काढला नाही. नऊ वर्षांत त्याने माझा एवढा अपमान कधी केला नव्हता.
घरी आलो तर पाच टपोरेही माना टाकून.

५ ऑगस्ट
व्हिजिटिंग कार्डं आली. छपाई सुंदर. रोजनिशी बंद.

१८ जून (पुढचं वर्ष)
रोजनिशी सुरू. कारण तसंच आहे.
सकाळी हिच्या ताईचा फोन. अगं, आमच्या चपलांच्या कपाटात काहीतरी उगवलंय.
ही माझ्याकडे बघेना. मग चहा पुढे ठेवून सगळं सांगितलं. सतरा नंबर हिनेच दिला होता ताईला, स्वेटरांबरोबर. म्हणाली, तुम्ही ज्याला हात लावता त्याला पाणी पाजता. म्हणून वाटलं, एक तरी तुमच्यापासून लांब असू दे. ताईला सांगितलं, ठेव कुठेतरी, काही करू नकोस. ताईने फाटक्या मोज्यात घालून चपलांच्या कपाटात टाकला आणि विसरली. गेल्या वर्षी हिने गुपचूप विचारलं, तेव्हा ताईला कुठे ठेवला ते आठवेना; हिला वाटलं, कचऱ्यात गेला.
गेलो. कपाटाचं दार किलकिलं. साडूच्या जुन्या बुटांमधून सरळ दांडा, वर सहा पांढऱ्या पाकळ्या, पाठीवर तांबडी रेघ.
बाई रिक्षातून उतरून पळत आल्या. कपाटापुढे फरशीवर मांडी घालून बसल्या आणि भिंग काढून एकेक पाकळी बघू लागल्या. साडू तेवढ्यात सात वेळा ‘माझ्या घरात’ म्हणाला. मी आठवण करून दिली की कंद माझ्या कुंडीतला. साडू म्हणाला, चोरीचा माल पण कपाट माझं. हिची ताई म्हणाली, दोघेही बाजूला व्हा आधी, बाईंना उजेड येत नाहीये.

९ जुलै
कंद बाईंनी नुसत्या वाळूत ठेवला होता. मुळं फुटली, टोकं कापली. अठ्ठावीस. गेल्या वर्षीच्या अकरा पेशींशी जुळतं. फूल दाबून ठेवलंय, लेख लिहायला घेतलाय.
नावाचं ठरवायला आम्ही सगळे बाईंच्या खोलीत. साडूने स्वतःच्या आडनावाचं लॅटिन चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. मी कार्ड पुढे केलं. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवली, म्हणाल्या, ज्यांनी त्याला काहीच केलं नाही, त्यांचं नाव देऊ. आणि ताईंना विचारलं, स्पेलिंग कसं करता?
ताई म्हणाली, अगंबाई, पण मी काय केलं?
बाई म्हणाल्या, तेच तर.
साडू खोकला. मलाही खोकला आला. परतताना रिक्षात आम्ही दोघे एका बाजूला, बहिणी दुसऱ्या बाजूला हसत. कार्डं घरी आहेत. ही मागच्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी लिहिते.
लेखासाठी बाईंनी एक शेवटची माहिती विचारून घेतली: वर्षभरात कंदाला पाणी किती? ताईने नीट आठवून सांगितलं. एक थेंबही नाही.