भारतीच्या हळदीपर्यंत

१२ जाने. ८६, रवि.
काल भारतीच्या साखरपुड्यात व्याह्यांच्या अंगावर सरबताचा अख्खा ट्रे पालथा घातला म्हणे. मला आठवत नाही. सुमननं सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मग भारती चहा घेऊन आली. "बाबा, हळदीला पिऊन आलात तर मी पाटावरून उठेन. सांगून ठेवते." पोरगी माझ्यावरच गेलीय, बोलली म्हणजे करणार. हळद २२ फेब्रु.ला.

१४ जाने., मंगळ.
परवापासून घेतली नाही. हात इतके थरथरतात की मस्टरवर सही धड आली नाही. कंपनीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी. वाशी, शाळा, गुरु. संध्या. ७. "तुमच्यासारखेच लोक जमतात तिथं." माझ्यासारखे! डोकंच सणकलं. पण चिठ्ठी फाडली नाही.

१६ जाने., गुरु.
सायकलनं वाशी. शाळेत तळमजल्यावर एका वर्गात माणसं बसलेली, घुसलो. अर्धा तास पाण्याच्या टाकीवरून नुसती भांडणं. म्हटलं बरोबर, दारुडेच हे. शेवटी धीर करून उठलो. "मी दारू पितो. मला सोडायचीय." सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. एक चष्मेवाली बाई म्हणाली, "अहो, ते वरच्या मजल्यावर. ही आमच्या सोसायटीची मीटिंग आहे."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अब्रू खाली गेलीच होती, आता वर काय जाणार? चढलो जिना.
वर नऊजण. प्रत्येक जण उठून नुसतं नाव सांगतो. मी आपलं नाव, बापाचं, आज्याचं, गाव बोनकोडे, कुठली आळी, सगळं. मोहनराव म्हणून एक पिकल्या केसांचे गृहस्थ मीटिंग चालवतात, ते हसले. "नाव पुरे हो. इथं घराणं लागत नाही." आमच्यात बापाचं नाव सांगितल्याशिवाय माणूस पुरा होत नाही, यांना काय कळणार? पण मीही हसलो.

२३ जाने., गुरु.
आज कोरडा दिवस १२. मोहनराव म्हणतात, फक्त आजचा दिवस घ्यायची नाही, उद्याचं उद्या. च्यायला, एवढं सोपं असतं तर! तरी करून बघतोय. सुमन ताट वाढताना वाकून माझ्या तोंडाचा वास घेते. मला कळतं. घेऊ दे.

१ फेब्रु., शनि.
घेतली. खाडीवर, गावातल्या दोघातिघांबरोबर. कारण काहीच नाही. उगाच

६ फेब्रु., गुरु.
कोरडा ५. जाणार नव्हतो, काय तोंड दाखवायचं? गेलो. उभा राहून सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही, त्यानंच जास्त लागलं. एकानं नुसता चहा पुढं सरकवला. आता पुन्हा एकपासून. मोजीन. मलाही जिद्द आहे.

१३ फेब्रु., गुरु.
कोरडा १२. सकाळी नानूदादा घरी. थोरला भाऊ, त्याच्यापुढं माझी जीभ वळत नाही. "हलदीला दारूची पयली धार पितरांना, मंग पयला घोट नवरीच्या बापाचा. तुजा. रीत हाय." म्हटलं, मी सोडलीय. "मंग काय पितरांना उपाशी ठेवतंस?"
मीटिंगला विचारलं. मोहनराव म्हणाले, "तुमची रीत मला ठाऊक नाही. एक घोट माझं काय करतो ते ठाऊक आहे." मग म्हणाले, "बोलवा मला हळदीला. शेजारी बसतो." बोलावलं.

२१ फेब्रु., शुक्र.
कोरडा २०. मांडव झाला. बाटल्या मागच्या खोलीत. त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "किल्ली माझ्याकडंच आहे." हसली जरा.

२३ फेब्रु., रवि., सकाळ
कोरडा २२. कालचं लिहितो.
भारती पाटावर, धवलारीण लग्नाची गाणी गायला लागली, सगळी भावकी जमलेली. दादानं बाटली माझ्या हातात दिली. मोहनराव शेजारी बसलेले. मी बाटली खाली ठेवली, तांब्या उचलला आणि पितरांच्या नावानं पाणी सोडलं.
दादा कडाडला, "पितरांना पानी पाजतंस? बा काय म्हनंल?"
कुठून बळ आलं कुणास ठाऊक. म्हटलं, "बा दारूनंच गेला, दादा. जाताना पानी मागत होता. तू नि मी दोघंबी पिऊन पडलेले, कोन उठलं नाय. आता तरी मिळू दे त्याला."
हे आम्ही दोघं आजवर एकमेकांशीही बोललो नव्हतो. धवलारीण थांबली. दादाचा चेहरा पांढराफटक. बाटली काखेत मारून तो चालता झाला. मांडवात कुणी हलेना. भारती पाटावरून उठली नाही. बायकांना म्हणाली, "थांबलात कशाला? लावा की हळद!" मला मात्र रडू आवरेना.
आज दुपारी लग्न. दादाचं दार अजून बंद आहे. सुमन म्हणते, येईल तो, तुम्ही जाऊ नका. पण सख्ख्या काकाविना पोरीला कशी पाठवू? आणि सगळ्यांसमोर त्याची लाज मीच काढली. दार उघडलं तर बाटली मधे ठेवूनच बोलेल, ओळखतो त्याला. माफी मागायची, घोट घ्यायचा नाही. सदरा घालतो आणि जातो.