जुन्या इंजिनाला नवं तेल

प्रिय वन्सं,

हसलीस ना? मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. दोन वेण्या, खरचटलेले गुडघे, आणि दारातच मला बजावलंस की नणंदेला 'वन्सं' म्हणतात, नावानं हाक मारायची नाही. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण तोरा असा की मी निमूट मान डोलावली. तेव्हापासून तुला वन्सं म्हणते आणि अगंतुगंही करते. लोकांना हे विचित्र वाटतं, वाटू दे. लोकांना काय वाटतं हे बघण्यात माझी चाळीस वर्षं गेली, आता तो धंदा मी बंद केलाय.

हे पत्र तुला शिवणवाल्या बाईंच्या हातून मिळेल. घरी नेऊ नकोस. त्यांच्या दुकानात कपड्यांच्या ढिगामागे बसून वाच आणि त्यांनाच परत दे. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझ्याकडचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि 'सगळं छान चाललंय वहिनी' हे तू मला कमी आणि खोलीत बसलेल्या माणसाला जास्त ऐकवत असतेस, एवढं न कळायला मी काही दूधखुळी नाही.

तर बातमी अशी की मी गाडी चालवते. होय, तुझ्या दादांची गाडी. तीच करड्या रंगाची, दुसऱ्याने वापरून विकलेली म्हणून स्वस्तात मिळालेली, मागचं डावं दार दणकन ओढल्याशिवाय लागत नाही ती. दादा गेल्यापासून शेडमध्ये झाकून उभी होती. तुझा भाचा दर रविवारी इथे जेवायला आला की तिचा विषय काढायचा. आई, जागा अडली आहे. आई, ती आता भंगारातच जाणार. आई, तुला कुठे जायचं असेल तर मी सोडतो ना. मुलगा गुणाचा आहे, पण त्याचं 'सोडतो' म्हणजे आठवडाभर आधी अर्ज केल्यासारखं असतं. शिवाय मला कुठे जायचंय हे त्याला सांगितलं असतं तर त्याने सोडलंच नसतं. म्हणून मी न सांगता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, आजी, नातवाला घेऊन आलात का? म्हटलं, नाही, नातवाला नंतर मीच घेऊन येईन.

लायसन्स हातात आलं तसं मी गॅरेज गाठलं. आपले मिस्त्री तुला आठवत असतील, दादांचे दोस्त, कानावर कायम पेन्सिल. घरी येऊन त्यांनी बॅटरी बदलली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, ब्रेक पाहिले, गाडी गुरगुरली आणि चालू झाली. मी म्हटलं, मिस्त्री, आता हिला सिंथेटिक ऑइल घाला, मला लांबच्या रस्त्याला न्यायची आहे. त्यांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, वहिनी, इतक्या जुन्या इंजिनाला सिंथेटिक घालू नये. आत वर्षानुवर्षांची घाण बसलेली असते, पॅकिंगं त्या घाणीवरच तग धरून असतात. घाण धुतली गेली की जिथून तिथून गळायला लागेल. साधंच घालू, चाललंय ते चालू द्या.

वन्सं, हेच वाक्य मी आपल्या घरात किती वेळा ऐकलंय. फक्त ते इंजिनाबद्दल नसायचं.

मुलाला कळलं तेव्हा तोही फोनवरून बरसला. म्हणे नाकापेक्षा मोती जड, गाडीच्या किमतीपेक्षा तुझं तेल महाग होईल, आणि दोन वर्षं गाडी जागची हललीच नाही तर तेल खराब कसं होईल? त्याला म्हटलं, बाळा, बसून राहिलेलं तेलही म्हातारं होतं. नुसतं बसून राहिल्याने काय काय होतं ते मला विचार.

मिस्त्रींना मी इंजिनाचं तेल भरायचं झाकण उघडायला लावलं. आतून ते काळ्या घट्ट लगद्याने माखलेलं होतं. बोटाने खरवडला तर निघेना. आणि बाहेरून बघशील तर बॉनेटमध्ये तोंड दिसेल. तुझे दादा दर रविवारी गाडी धुवायचे, चाकांच्या फटी जुन्या टूथब्रशने घासायचे. तेल मात्र किलोमीटर मोजून बदलायचे. पाच हजार भरले की बदलायचं, त्याआधी नाही. शेवटी शेवटी गाडी जायची कुठे, तर बँकेत आणि बाजारात. इंजिन धड तापायच्या आत घर यायचं. पाच हजार भरायला तीन तीन वर्षं लागत. गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते. दादांनी महिने कधी मोजलेच नाहीत. मी म्हणायची, बदलून घ्या. ते म्हणायचे, अजून भरलेलं नाही. तुझा विषय काढला तरी हेच, अजून तेवढं काही झालेलं नाही. किती झालं म्हणजे भरतं, असं विचारलं की पेपर उघडून बसायचे.

माणूस वाईट नव्हता. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट असते तर केव्हाच फुली मारून मोकळी झाले असते. माझ्या आजारपणात महिनाभर स्वतः स्वयंपाक केला, शेजाऱ्याच्या मुलीच्या फीसाठी धावपळ केली, पण घरातली गोष्ट आली की एकच पालुपद, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ कोणाची आणि ती आत कोणाला आवळतेय, हे मुठीबाहेरच्यांना काय कळणार.

ती दुपार तू विसरली नसशील. उजव्या मनगटाला पट्टी बांधून, एक पिशवी घेऊन तू दारात उभी होतीस. न्हाणीघरात पाय घसरला म्हणालीस. दादांनी चहा दिला, पाठीवरून हात फिरवला, आणि ऊन उतरायच्या आत तुला याच गाडीत मागे बसवलं. भांड्याला भांडं लागतंच, म्हणाले. मी पुढे बसले होते. पुलाच्या अलीकडे म्हटलं, गाडी वळवा. पुलावर पुन्हा म्हटलं. पूल ओलांडल्यावर तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी रेडिओ लावला. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. तुला ऐकू आलं होतं की नाही, हे विचारायचं मला कधी जमलं नाही. ऐकलं असशील, असंच धरून चालले आहे. त्या दिवशी गाडी चालवता येत असती तर ब्रेकवर पाय मीच दिला असता.

असो. मिस्त्रींना म्हटलं, घाण सुटेल ही भीती तुम्हाला असेल, मला ती सुटायलाच हवी आहे. ते हसले, आणि हसला की माणूस अर्धा आपला झालाच. मग त्यांनी अट घातली. तेलाच्या दाटपणाचा नंबर पुस्तकात दिलेलाच ठेवायचा. पहिलं तेल लवकर काढायचं, हजारभर किलोमीटर झाले की बस, कारण सुटलेली घाण त्यात उतरणार आणि फिल्टर तुंबणार. तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. त्यानंतरचं तेल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, बिनघोर वापरायचं.

ते हजार किलोमीटर मी हात बसवण्यात घालवले. शेजारच्या सीटवर सूनबाई. ती एकदाही ओरडली नाही, फक्त एकदा समोरून ट्रक आला तेव्हा डोळे मिटून घेतले आणि ट्रक गेल्यावर विचारलं, गेला का? नवऱ्याला काही बोलली नाही. चढावर गाडी माझ्याकडून तीनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवत बसले. वाजवू देत. चौथ्यांदा चढवली. उतरताना सूनबाईने विचारलं, आई, नक्की जायचंय कुठे? मी सांगितलं. घरी आल्यावर तिने माडीवरच्या खोलीतले खोके एकटीने खाली आणले.

मिस्त्रींनी पहिलं तेल काढलं तेव्हा ते डांबरासारखं पडलं. बोट बुडवून बघत राहिले आणि म्हणाले, दादांची गाडी आतून अशी असेल असं वाटलं नव्हतं. मी बोट पुसायला फडकं पुढे केलं. बोलले असते तर थांबले नसते.

आणि मग गाडी गळली.

खोटं कशाला सांगू. नवं तेल भरल्यावर चार दिवसांनी शेडमध्ये जमिनीवर हाताच्या पंजाएवढा डाग पडला. मुलगा धावत आला. सांगितलं होतं ना, मिस्त्री सांगत होते, मी सांगत होतो, चांगली उभी होती, कशाला ढवळायला गेलीस. त्याच संध्याकाळी जुन्या गाड्या घेणारा एक जण दारात हजर. त्याला मी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि सांगितलं की गाडी विकायची नाही, पण तुमचा नंबर देऊन ठेवा, मुलाच्या गाडीसाठी लागेल. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत घर कसं शांत होतं.

मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं, वरून बघितलं, आणि निघालं काय तर इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग. रबराचं, पण हातात घेतलं तर पापडासारखं मोडलं. ते काही माझ्या तेलाने मोडलं नव्हतं. कित्येक वर्षांपासून तसंच होतं, लगद्याने झाकलेलं. गाडी गळत नव्हती याचा अर्थ ती धड होती असं नाही, हे मिस्त्रींनी स्वतःहून कबूल केलं. मग सगळी पॅकिंगं आणि सीलं काढून नवी बसवली, कमी झालेलं तेल भरलं. गाडीखाली मी पांढरा पुठ्ठा घालून ठेवला आहे, रोज सकाळी दात घासायच्या आधी तो बघते. पुठ्ठा कोरा आहे. मुलालाही बोलावून दाखवला. म्हणाला, आज नाही गळली. म्हटलं, उद्याही बोलावते.

वन्सं, तूही कधी गळली नाहीस. एवढ्या वर्षांत फोनवर एक हुंदका नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आपल्याला शिकवलं. पण मागच्या महिन्यात बोलता बोलता तू म्हणालीस की चष्मा पडून फुटला. गेल्या हिवाळ्यातही पडला होता. चष्मा पडला की काच फुटते, वन्सं. काडी वाकून भुवईपाशी खोक पडत नाही. ती खोक शिवणवाल्या बाईंनी पाहिली आणि त्यांनीच मला कळवलं. त्यांच्यावर रागावू नकोस. आणि आजवर तुझ्या यजमानांना मी अहोजाहो करत आले. आता ते बंद. तो माणूस त्या मानाच्या लायकीचा नाही.

तर आता ऐक. गुरुवारी तो दिवसभर गोदामावर असतो, म्हणून येत्या गुरुवारी मी येतेय. सकाळी दहाला शिवणवाल्या बाईंच्या दुकानासमोर गाडी उभी असेल. पिशवी घेऊन निघू नकोस, पिशवी दिसते. कागदपत्रं आणि औषधं शिवायला द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्यात घाल, बाकी सगळं इथे आहे. घर माझ्या नावावर आहे आणि माडीवरची खोली तुझी आहे, हे मुलाला मी काल सांगितलं. तो आधी तणतणला, आणि आज सकाळी त्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून गेला. मागचं डावं दार अजून नीट लागत नाही, पण त्याच्याशी तुला काय, तू या वेळी पुढे बसायचंस. उत्तर पाठवू नकोस. पाय निघाला नाही तर मी रागावणार नाही. बाईंकडे चहा घेईन, दुपारपर्यंत वाट बघेन, परत जाईन आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. तुझं दार ते माझं दार, जाऊन येऊन एकशे ऐंशी किलोमीटर आहे. वर्षाचे सगळे गुरुवार धरले तरी ते दहा हजारांत बसतात. हिशोब करून पाहिलाय. आणि वर्षही भरलं, तर तेल बदलून पुन्हा येईन.

तुझीच,
गाडी वळवायला निघालेली
वहिनी