गालावरचं बटण

४ मार्च
संकल्प : वेबसाइट मुळापासून नवी. माझ्या मनाने नाही, व्हिजिटर काय करतो ते बघून. महिन्याभरात एक तरी चित्र विकलं जाणार. नाही गेलं तर परत शाळेत चित्रकला शिकवायला जाईन, असं बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, लिहून दे. दिलं.

६ मार्च
वेबसाइटचा रिपोर्ट आला. काल व्हिजिटर पाच. त्यातले चार मी.
पाचवा मात्र हिरा! रोज दुपारी सव्वातीनला येतो आणि पाऊण तास एकाच पानावर बसतो. पान कुठलं, तर 'बाबा दाढी करताना'. कॉलेजातलं कच्चं काम. अर्ध्या तोंडाला फेस. माझी 'अभाव' मालिका (चौदा कॅनव्हास, सगळे पांढरे) त्याने उघडलीसुद्धा नाही.
माणूस ताईच्या गावचा आहे. बाबा गेल्यापासून आईही तिच्याकडेच असते. एवढा मोठा संग्राहक गावात, आणि दोघींनी कधी अवाक्षर काढलं नाही. काखेत कळसा!

९ मार्च, दुपारी ३.२०
संग्राहक हजर. त्याचं बोट चित्रावर कुठे फिरतं तेही रिपोर्टात ठिपक्यांनी दिसतं. बोट सारखं एकाच जागी फिरतंय, बाबांच्या उजव्या गालावर. फेस नसलेल्या. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. बिचारा 'विकत घ्या' शोधतोय.

१० मार्च
बरोबर गालावर बटण बसवलं. लाल.

१२ मार्च
एकतीस वेळा दाबलं. फॉर्म एकदाही भरला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवतोय. चारला आईचा फोन आला, कापला. आधी गिऱ्हाईक.

१५ मार्च
फॉर्म आला!! नाव नाही. एकच ओळ : 'बटण काढ रे. गाल दिसत नाही.'
एकदम अरे-तुरे. म्हणजे जवळीक झाली. पण हा गृहस्थ एका कच्च्या चित्रात अडकून पडलाय. त्याला पुढे ढकललंच पाहिजे.

१६ मार्च
बटण कशाला, साइटवरून चित्रच काढून टाकलं. कॉम्प्युटरवरूनही पुसलं, उगाच मोह नको. मूळ कॅनव्हास माळ्यावर होता, त्यावर पांढरा रंग मारला. 'अभाव क्र. १५'. अंगावर काटा आला.

१७ मार्च
आला. चार सेकंदांत गेला. परत आला. असं नऊ वेळा. घासाघीस करणार बहुतेक.

२० मार्च
कोणी नाही. मीही एकदाच.

२४ मार्च
नाही. बायको म्हणाली, आईला फोन तरी कर. म्हटलं, सव्वातीनला लाइन मोकळी हवी.

२६ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, आई जेवत नाही. रोज दुपारी टॅब घेऊन तुझ्या साइटवर बाबांना बघत बसायची. ते दिसेनासे झाले तर आधी माझ्याशी भांडली, टॅब मी बिघडवला म्हणून. आता बोलतच नाही. ओळखपत्रावरच्या फोटोतले बाबा तिला कुणी दुसरेच वाटतात.
म्हटलं, संध्याकाळपर्यंत लावतो.

२७ मार्च
पांढरा रंग खरवडला. त्याच्याबरोबर खालचंही निघालं. गालाच्या जागी नुसतं कापड. ताईला सांगितलं, सर्व्हर बंद आहे.

२८ मार्च
घाबरायचं कारण नाही. पुन्हा काढायचं. जन्मभर पाहिलेला चेहरा, त्यात काय अवघड!
संध्याकाळी सात : कान जमला. फेस उत्तम. गाल कुणाचाही वाटतो. सहा वेळा पुसला. लाज वाटली.

२९ मार्च
आईला फोन केला. कित्येक महिन्यांनी, आपणहून. म्हटलं, बाबांचा उजवा गाल कसा होता, जरा नीट सांग. खळी पडायची का? कुठे?
ती मग म्हणाली, तेच तर रोज बघून घेत होते रे, मला आठवेनासं झालंय.