किस्से इतिवृत्तात येत नाहीत

४ मार्च, मंगळवार

आजचं माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला!

जेवताना नवऱ्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ, तुमच्या बाईंनी काय दिवे लावलेत!" मी जिथं कारकून आहे त्या पालिकेतल्या नगरसेविका बाई. सभागृहात उभ्या, चष्मा कपाळावर. म्हणतायत – "म्हातारी माणसं लवकर गेलेली बरी. त्यांचेही हाल नकोत, आपलेही." बस्स. नऊ सेकंद.

खाली नुसत्या शिव्या. नवऱ्यानंही आपली एक घातली – "अशा बाईला जोड्यानं मारलं पाहिजे" – आणि जेवण संपायच्या आत वीसेक जणांना पाठवून दिलं.

ते वाक्य बाईंचं नाही. माझं आहे!

५ मार्च

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

सोमवारी सभेच्या आधी पाण्याच्या नळापाशी बाई भेटल्या. "डोळे का सुजलेत ग?" एवढंच विचारलं, आणि मी भडाभडा बोलत सुटले. आईंना, म्हणजे सासूबाईंना, झटका येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द खेचून आणावा लागतो त्यांना. त्यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी दोन कामं होतात, खोटं कशाला सांगू! त्या सकाळी चादर दोनदा बदलली. आई काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात दूध उतू गेलं, मी अर्ध्यावरून पळाले. ते पुसून तशीच ऑफिसला. आणि बाईंसमोर ते वाक्य तोंडातून निघून गेलं. इतकं घडीव वाक्य मला सुचलं तरी कसं, देव जाणे. एरवी मला रजेचा अर्ज धड सुचत नाही.

त्याच दुपारी बाईंनी सभेत ठराव मांडला. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारं केंद्र पालिकेनं काढावं, असा. म्हणाल्या, "आज सकाळी एक सून माझ्यापाशी रडली. ती म्हणाली –" आणि माझं वाक्य. पुढे म्हणाल्या, "ती वाईट नाही. ती थकलीय. केंद्र तिच्यासाठी हवंय." मी कोपऱ्यातल्या टेबलाशी टिपणं घेत होते. कान तापले होते, पण बरंही वाटलं. कुणीतरी ऐकलं होतं.

समोरच्या बाकावरच्या विरोधकानं फोनवर सगळं घेतलं आणि मागचं-पुढचं कापून टाकलं. एकतीस सदस्य हजर होते. आज एकालाही काही आठवत नाही!

६ मार्च

फाटकाशी घोषणा. बाईंचा पुतळा जाळला. जाळणाऱ्यांत एक जण मला ओळखतो, हसून म्हणाला, "ताई, बाजूनं जा, साडीवर ठिणगी उडेल." भारी काळजी!

संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, बघितलंस? रक्त उसळलं माझं! आपल्या आईला कुणी असं म्हटलं असतं तर?" ही बया सात महिन्यांत आईकडे फिरकलेली नाही. मी हो ला हो केलं. लाज वाटली स्वतःची.

७ मार्च

हेडक्लार्क साहेबांनी बोलावलं. पाठीमागे आम्ही त्यांना खोडरबर म्हणतो.

सभेचं इतिवृत्त, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद, मी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं, आवाज खणखणीत म्हणून तेही माझ्याच गळ्यात. सदस्यांनी हात वर केले की ते कायम. मग रेकॉर्डिंग पुसायचं; तोवर ते सभेबाहेर कुणाला ऐकवायचं नाही. वर्षानुवर्षांची पद्धत.

खोडरबर म्हणाले, "त्या सुनेचा किस्सा गाळा. किस्से इतिवृत्तात येत नाहीत."

"मग ते वाक्यही गाळू?"

"ते कसं गाळाल? ते तर सगळ्यांनी ऐकलंय!"

माणूस थट्टा करत नव्हता हो!

८ मार्च

टीव्हीवर बाई. चौघं एकदम ओरडतायत – "सून होती तर नाव सांगा!" बाई म्हणाल्या, "नाही सांगणार." "म्हणजे सून नव्हतीच!" त्यांच्याच पक्षानं मंगळवारपर्यंत राजीनामा मागितलाय.

नवरा म्हणाला, "पकडली गेली, आता सुनेच्या आड लपतेय." आई खुर्चीत होत्या. टीव्हीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. "ते... वाक्य..." मी घाईनं रिमोट उचलला. "त्रास होतोय ना आई? बंद करते," म्हणत टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला पळाले.

नाव सांगितलं तर माझ्या घरात काय उरेल? नाही सांगितलं तर बाई संपल्या.

९ मार्च

बाईंच्या घरावर दगड. खिडकीच्या आत त्यांचे वडील बसले होते. शहाऐंशी वर्षांचे. केसांत काचा.

१० मार्च

पालिकेच्या जिन्यात बाई दिसल्या. बोटाला पट्टी. काचा वेचताना कापलं असणार. आठवड्याभरात दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यात. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "गप्प राहायचं. तुला त्याच घरात जायचंय रोज." आणि खाली उतरून गेल्या. वडील कसे आहेत, हेसुद्धा विचारायचं राहिलं. इतकी कशी मी भित्री!

११ मार्च, मंगळवार

वाचलं. सभेत सगळं वाचलं.

खोडरबरांनी तपासलेला कागद वर ठेवला होता, काही न गाळलेला माझा खाली. माझा उचलला. "आज सकाळी एक सून माझ्यापाशी रडली" – इथं आले, तेव्हा खोडरबर खाकरले. मी थांबले नाही. "केंद्र तिच्यासाठी हवंय" पर्यंत आले. समोरचा विरोधक उठला, "हे मागाहून घुसडलंय! कुठंय ती सून?"

मी कागद खाली ठेवला. आणि तोंडातून निघालं, "ती सून मी. रेकॉर्डिंग लावा. आवाज बाईंचा, वाक्य माझं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. रेकॉर्डिंग लावलं. एकतीस जणांना एकदम सगळं आठवलं! बाईंचा राजीनामा टळला. ठराव मात्र पुढच्या सभेवर ढकलला.

१२ मार्च

आता माझी क्लिप फिरतेय. सहा सेकंद. "ती सून मी. वाक्य माझं." मधलं कापलंय. खाली त्याच शिव्या, बहुतेक त्याच माणसांच्या.

नवरा लालबुंद. "माझ्या आईबद्दल? माझ्या आईबद्दल असं बोलवलं तरी कसं तुला?"

मी म्हटलं, "आईंच्या चादरी कुठल्या कपाटात असतात, सांग." त्यानं चुकीचं दाखवलं. दोनच कपाटं आहेत घरात!

मग आईंपाशी गेले. खुर्चीशी खाली बसले, त्यांचा डावा हात धरला. "चुकलं माझं आई. ते मी म्हणाले होते." रडू आवरेना. त्यांनी माझं बोट दाबलं. मग म्हणाल्या, "ते... तुझं... नाही."

काय? मला काही उमगेना. तेवढ्यात नणंद दारात! सात महिन्यांनी! आली ती तोंड सोडूनच. तासभर तिचाच आवाज. आई दमल्या, मान कलली, झोपून गेल्या.

१३ मार्च

रजा टाकली. स्टूल ओढून आईंसमोर बसले. म्हटलं, "पुरं बोला आई. घराला आग लागली तरी उठत नाही." घड्याळ समोरच होतं. अकरा मिनिटं लागली. दूध उतू गेलं त्या सकाळी त्या हेच सांगत होत्या. मी अर्धं ऐकून पळाले, आणि तेच अर्धं माझं म्हणून बाईंना दिलं.

"म्हातारी माणसं... लवकर गेलेली बरी. त्यांचेही हाल नकोत... आपलेही. असं हा... तुझा नवरा... फोनवर... बहिणीला सांगत होता. ती हो म्हणाली. त्यांना सांग ग... मला नाही जायचं इतक्यात."