तळघराची कडी

३ मार्च
आले एकदाची! बाबांनी मला न विचारता सीमेपलीकडच्या परक्या गावात घर घेतलं म्हणून फुरंगटून बसले होते, पण घर बघून राग पळाला. स्वयंपाकघरात भरपूर उजेड, दवाखाना चालत जाण्याजोगा. पुढच्या महिन्यापासून तिथे परिचारिका म्हणून रुजू व्हायचंय. सामान कसं लावायचं ते मी सांगू लागले, तर बाबा म्हणाले, आता पलटणीतल्या माणसाला पोरगी शिस्त शिकवणार.

६ मार्च
बाबा दिवसभर तळघराच्या दारापाशी खुर्ची टाकून बसतात. दाराला बाहेरून कडी, कोरी करकरीत. खाली काय आहे विचारलं, तर म्हणाले, उंदीर. उंदरांना एवढी कडी? मला हसू आवरेना. ते हसले नाहीत.

९ मार्च
पडदे शिवायला शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेले. माप घेता घेता त्या बोलत्या झाल्या. युद्धात शत्रूच्या सैनिकांनी त्यांच्या आईला आणि आळीतल्या बायकापोरांना आमच्याच तळघरात कोंडलं होतं. वर आग लागली. दारावर एक तरुण शिपाई होता, त्याने कडी काढली नाही. शिंपीणबाई तेव्हा लहान, समोरच्या खिडकीत. तो कसा दिसायचा, मी विचारलं.
"तुझ्यासारखा," त्या म्हणाल्या. "भुवया तर अगदी याच."

१० मार्च
बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. हुकूम होता, एवढंच म्हणाले. मग मान खाली घालून:
"तेव्हा ठोठावून ठोठावून थांबले होते. आता माझ्या झोपेत पुन्हा सुरू झालंय. म्हणून इथे आलो."
म्हातारपणचे भास, अशी मनाची समजूत घातली. दुपारी भांडी घासताना मलाही ऐकू आलं. उंदीर ठोठावत नाहीत.

१२ मार्च
शेगडी बंद. तरी धुराचा वास. तळघराचं दार हाताला कोमट लागतं. बाबा जेवत नाहीत.

१३ मार्च, सकाळ
बाबा खाली गेले. कडी मला लावायला लावली.
"मी हाक मारली तरी उघडायचं नाही. हुकूम समज."
मी लावली. का लावली मी —

दुपार
ठोठावतायत. एक हात नाही — खूप. लहान मुठीसुद्धा. त्यात बाबांचा आवाज, पोरी, उघड. दाराखालून धूर. मी त्यांच्या खुर्चीत बसलेय — पाय उचलत नाहीत —

ठोठावणं मंदावलं. तेव्हाही असंच —

नाही. हुकूम गेला खड्ड्यात. कडी तापलीय, तळवा भाजला — निघाली. पायऱ्यांवर बाबा नाहीत. बाकीचे वर ये