झिजलेल्या कडा

मंगळवार, डहाणू

ट्रकचे पुढचे दोन्ही टायर नवे, तरी कडा गुळगुळीत. मधली नक्षी शाबूत. तलासरीचा पंक्चरवाला म्हणाला, "शेठ, हवा कमी ठेवून चालवता." मी वैतागलो. दर सोमवारी मी स्वतः उभा राहून हवा भरून घेतो. मग कडा झिजतात कशा?

संध्याकाळी ड्रायव्हर लक्ष्मणकाकांना विचारलं. खाली बघत म्हणाले, "मीच सोडतो थोडी. कैनाडच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत कंबर धरते. हवा कमी असली की दणके कमी बसतात."

चिकूंनी भरलेल्या गाडीचा टायर हायवेवर फुटला असता तर? नको नको ते बोललो त्यांना. पण कंबर दुखते, हे मला सांगायची त्यांना भीती का वाटावी? गाडी काढून घेईन म्हणून?

उद्या हवा पूर्ण भरून गाडी मीच नेणार. काका शेजारी बसतील. आधी डॉक्टर, मग चिकू.