एक टोपली उनात, एक कामात

माय,

काल मी घरातल्या भांडी धुण्याच्या यंत्राच्या तळात हात घातला. असं यंत्र असतं हे तुला कळलं असतं, तर तू विचारलं असतंस, "मंग बाई काय करते?" बाई बसून राहते, माय, आणि यंत्राला वास आला की मेकॅनिकला फोन करते. आठ दिवस दार उघडलं की आतून आंबूस भपकारा यायचा. सुनेनं लिंबाच्या साली ठेवून पाहिल्या. मुलानं कसलंसं सुगंधी औषध ओतलं, तर लिंबू पिळलेल्या गटारासारखा वास सुटला. मी म्हटलं, वासावर वास चढवू नका. गुडघे वाकत नाहीत तरी स्टूल ओढून बसले आणि तळातली जाळी फिरवून काढली. वरून चकचकीत होती, उलटी केली तर भाताचा बुळबुळीत लगदा. गरम पाण्यात सोडा घालून जुन्या ब्रशनं ती घासली, दाराच्या रबराच्या घड्या पुसल्या आणि दार उघडं ठेवून सगळं वाळू दिलं. संध्याकाळी वास गेला. मुलानं विचारलं, "आई, हे तुला कुणी शिकवलं?" तुझं नाव सांगताना माझी मान ताठ झाली, ती अजून खाली आलेली नाही.

बाबा गेल्यावर आपण आंजीहून वर्ध्याला आलो. मुलींच्या वसतिगृहात तुला भांड्यांचं काम मिळालं आणि त्या कामावर मला तिथंच राहायला जागा, जेवण आणि शाळा. मी तेव्हा पाचवीत. खादीचं, काटकसरीचं वसतिगृह, ताटात एक शीत टाकायचं नाही असा नियम. तरी साठ-सत्तर ताटांना काहीतरी चिकटतंच. म्हणून भांडी घासायच्या फरशीच्या तोंडाशी, जिथून पाणी वाहून जायचं तिथं, बांबूची टोपली लावलेली असे. पाणी निघून जाई, अन्न टोपलीत राही, आणि आमचे स्वयंपाकी महाराज ते रोज वसतिगृहाच्या म्हशीला घालत. टोपली ते गव्हाणीवर दोनदा आपटत आणि पुन्हा जागेवर ठेवत. ती घासायचं कुणाच्या मनातही येत नसे. अन्न वाचवणारी टोपली, ती घाण कशी असेल? आणि तिच्याच बाजूला, हातभर अंतरावर, घासलेली भांडी पालथी पडायची.

दिवाळीच्या आधीचे दिवस असतील. ताकाला, दुधाला वास येऊ लागला. मुली पेला नाकाशी नेऊन तसाच खाली ठेवायच्या. एका दुपारी भर पंगतीत महाराज म्हणाले, "भांडे तं रोजच घासून राह्यली हे. बाईच्या हातालेच वास हाये." सगळ्या मुली तुझ्याकडे पाहायला लागल्या. वसतिगृह चालवणाऱ्या बाई दुष्ट नव्हत्या, पण शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, रविवारपर्यंत वास गेला नाही तर दुसरी बाई पाहावी लागेल. म्हणजे तुझं काम जाणार, माझी शाळा जाणार आणि आपण पुन्हा आंजीला, काकांच्या पडवीत. तू पदराला हात पुसलेस आणि "बरं" म्हणालीस. मला तुझाच राग आला. मागून विचारलं, "काऊन बोलली नाई?" तू म्हणालीस, "बोलून वास जात असते का?"

तू काय केलंस ते मी पुढं तीस वर्षं वर्गात सांगितलं, कारण मी विज्ञान शिकवलं. तू दोन सारखे तांबे घेतलेस. तीच राख, तीच चिंधी, विहिरीचं तेच पाणी, तेच हात. एक तांब्या नेहमीच्या जागी पालथा घातलास, दुसरा कोठीच्या खोलीत फळीवर. मी म्हटलं, उनात ठेव ना. तू म्हणालीस, "उनात ठेवला तं म्हणतीन, उनानं वास गेला." माय, शाळेतल्या मुलांना हे समजवायला मला पूर्ण तास लागायचा. दुसऱ्या दिवशी तू ते तांबे बाईंपुढं धरलेस. त्यांनी एक हुंगला, दुसरा हुंगला आणि पहिला पुन्हा हुंगला. "हात एकच हाये, बाई," तू म्हणालीस, "वास एकाच तांब्याले हाये." मग फरशीशी गेलीस आणि टोपली उलटी केलीस. खालून बोटभर जाड, काळा, चिकट थर. महाराजांनी नाकाला उपरणं लावलं, तरी म्हणाले, "अन्नाले वास येते, असं म्या नाई ऐकलं कधी." तू शांतपणे म्हणालीस, "पोटात गेलं तं अन्न, महाराज. टोपलीत राह्यलं तं घाण."

राखेचं उकळतं पाणी ओतून तू ती टोपली खालून वरून घासलीस, फरशीखालची नाली काठीनं खरवडलीस, चिंध्या उकळून दोरीवर टाकल्यास. बुरडाकडून दुसरी टोपली आणवलीस. एक उनात, एक कामात, असा तुझा कायदा सुरू झाला. रविवारी ताक संपलं आणि मुलींनी पुन्हा मागितलं. बाईंनी सगळ्या मुलींना अंगणात बसवलं आणि टोपली कशी धुवायची ते तुला शिकवायला लावलं. पदर खोचून तू उभी आणि मोठ्या वकिलांच्या, मास्तरांच्या मुली खाली बसून ऐकतायत. त्यानंतर महाराज रोज सकाळी विचारायचे, "बाई, आज कोनती टोपली?" मी पुष्कळ शिक्षक पाहिले, काही फार चांगले होते. तुझ्याएवढ्या थोड्या शब्दांत कुणी शिकवलेलं मी पाहिलं नाही.

मात्र ही गोष्ट सांगताना मी ते दोन तांबे नेहमी सर्वांत आधी बाईंच्या हातात देत आले. तसं झालं नव्हतं. महाराज बोलले त्याच संध्याकाळी तू माझी वेणी घालायला बसलीस, तेव्हा मी "माझी मी घालतो" म्हणून तुझ्या हातांपासून डोकं बाजूला घेतलं होतं. तू फणी माझ्या मांडीवर ठेवलीस. आणि दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाण्याआधी मला कोठीच्या दारात थांबवलंस, दोन्ही तांबे पुढं केलेस आणि म्हणालीस, "पह्यले तू घे वास." तुला वाचता येत नव्हतं. गावाकडून आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. तू असतीस तर हे पत्रही मीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि हा शेवटचा भाग गाळला असता.